कोपऱ्यात गेलेला मासा: टँकमधली मारामारी आणि ताण

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं, किंवा ज्यांचे इअरफोन आज घरी राहिलेत, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना मी दर मिनिटाला 'म्हणजे बघा' म्हणतो, ते काढून टाकलंय. बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.

हा भाग एका व्हॉइस नोटमुळे झाला. पुण्यातल्या श्रोत्याचा होता. दोन फुटी टँक, घेऊन दोन महिने झालेत. आत दोन एंजल, चार टायगर बार्ब, एक फायटर, दोन गोल्डफिश आणि काच साफ करायला एक सकर. "दादा, एक एंजल तीन दिवस फिल्टरच्या मागे उभा आहे. काही खात नाही. पंख फाटलेत, आणि आता अंगावर पांढरे ठिपके आलेत. दुकानवाल्या काकांनी निळं औषध आणि मीठ दिलं, दोनदा टाकून झालं. आई म्हणते, जाऊ दे, घरावरचं काहीतरी तो स्वतःवर घेतोय. काय करू?"

हे शेवटचं वाक्य मी किती घरांत ऐकलंय, मोजता येणार नाही. आईंशी वाद घालू नका, त्या मायेनेच बोलतात. पण माझ्या नोकरीच्या भाषेत सांगायचं तर या वाक्याने तिकीट बंद होतं. मासा गेला, संकट घेऊन गेला, विषय संपला. रविवारी नवा मासा येतो, त्याच टँकमध्ये, त्याच कोपऱ्यात जातो. आणि मग वर्षभराने टँक गच्चीवर, त्यात तुळस.

तर आधी उत्तर सांगतो, कारणं नंतर. त्या एंजलचे पांढरे ठिपके ही गोष्टीची सुरुवात नाहीये. त्याआधी टँकमधल्या कुणीतरी त्याला हरवलंय, आणि हरल्यावर त्याला निघून जायला जागा नव्हती. औषध ठिपक्यांवर चालेल, जागेवर चालणार नाही.

हरणारा कुठे जातो?

मासे भांडतात यात विचित्र काहीच नाही. कोनराड लॉरेन्झ नावाचे ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ होते, १९७३ साली त्यांना नोबेल विभागून मिळालं. त्यांचं आक्रमकतेवरचं पुस्तक १९६३ चं, आणि त्याची सुरुवातच प्रवाळांमधल्या माशांपासून होते. त्यांना दिसलं ते असं, की मासा सगळ्यात जास्त तुटून पडतो तो स्वतःच्याच जातीच्या माशावर. कारण साधं आहे. ज्याचं खाणं तेच, लपायची जागा तीच, जोडीदारही त्याच प्रकारचा, खरा प्रतिस्पर्धी तोच. दुसऱ्या जातीचा मासा शेजारी राहिला तर फार बिघडत नाही. या हाणामारीने मासे एकमेकांपासून पांगतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडी जागा येते.

आता यातला महत्त्वाचा शब्द 'पांगतात'. फायटरचंच घ्या. थायलंडमधल्या उथळ, झाडोऱ्याच्या पाण्यातला हा मासा. तिथे दोन नर समोरासमोर आले तर गालफडं फुगवतात, रंग चढवतात, क्वचित चावतात, आणि एकाला कळतं की आपलं काही खरं नाही. तो पंख मिटून निघून जातो. भांडण संपलं. जिंकणाऱ्यालाही पाठलाग करण्यात रस नसतो, त्यात त्याची ताकद फुकट जाते.

टँकमध्ये हा शेवटचा टप्पाच नाही. हरलेला मासा पळतो, काच लागते, वळतो, पुन्हा जिंकणाऱ्यासमोर येतो. जिंकणाऱ्याच्या डोक्यातला हिशोब सांगतो, 'हा अजून गेला नाही, म्हणजे अजून मान्य करत नाहीये.' पुन्हा हल्ला. आमच्याकडे कोडमध्ये अशी लूप सापडते, जिच्यात बाहेर पडायची अटच लिहिलेली नसते. सर्व्हर तापतो. इथे मासा मरतो.

जागा किती, तेही मोजून घेऊ. दोन फुटी टँक म्हणजे ६० बाय ३० बाय ३० सेंटिमीटर, गणिताने ५४ लिटर. खालचे खडे आणि वरची मोकळी पट्टी वजा केली की हातात साधारण ४५ लिटर उरतं. पूर्ण वाढलेल्या एंजलचं अंग १५ सेंटिमीटरच्या आसपास भरतं. म्हणजे त्याच्यासाठी हा टँक चार अंगं लांब. साडेपाच फुटी माणसाला २२ फुटांची खोली, त्यात आणखी नऊ जण, आणि दार नाही. मुंबईत वन आरकेमध्ये राहिलेल्यांना मी अधिक समजवायची गरज नाही, पण तिथे निदान गॅलरीत तरी जाता येतं.

सगळे बघत असतात

ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे, म्हणून जरा रेंगाळतो.

आफ्रिकेत टांगानिका सरोवर आहे. तिथे उथळ पाण्यात बर्टोनी नावाचा एक छोटा सिक्लिड मासा असतो. एंजल, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न हे सगळे याच सिक्लिड कुटुंबातले. आपल्या गोव्या-कोकणात ताटात येतो तो काळुंदरसुद्धा. तर या बर्टोनीच्या नरांमध्ये दोन वर्ग असतात. ज्याच्याकडे इलाका आहे तो भडक रंगाचा, डोळ्यावर काळा पट्टा. ज्याच्याकडे नाही तो मळकट, मादीसारखा दिसणारा. आणि हे कायमचं नाही! स्टॅनफर्डमध्ये रसेल फर्नाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं या माशांवर काम केलं. त्यांनी अंधारात दादा माशाला टँकमधून काढून घेतलं. सकाळी दिवे लागले, खालच्या नराला दिसलं की खुर्ची रिकामी आहे, आणि काही मिनिटांत त्याच्या अंगावर रंग चढला, डोळ्यावर पट्टा आला, आणि तो इतरांना हाकलायला लागला.

काही मिनिटांत. हे लक्षात ठेवा, कारण टँकमधला 'गुंड' मासा दुकानात परत देऊन आल्यावर, 'आता दुसराच तसा वागायला लागला' असं जे लोक सांगतात, ते हेच. गुंडगिरी त्या एका माशात नव्हती. ती जागा होती, आणि ती भरली गेली.

त्याच प्रयोगशाळेतला २००७ चा प्रयोग तर आणखी भारी आहे. एका माशाला बाजूच्या कप्प्यातून इतरांची भांडणं दाखवली. पहिल्याने दुसऱ्याला हरवलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, तिसऱ्याने चौथ्याला, चौथ्याने पाचव्याला. मग त्याच्यासमोर दुसरा आणि चौथा ठेवले, ज्या दोघांना त्याने कधीच एकमेकांशी लढताना पाहिलं नव्हतं. बघणारा मासा चौथ्याच्या, म्हणजे कमजोर असलेल्याच्या बाजूला जास्त वेळ राहिला. नुसतं बघून त्याने सगळी उतरंड डोक्यात मांडली होती. ज्यांनी स्पर्धा परीक्षेचे 'अ हा ब पेक्षा उंच' छापाचे प्रश्न सोडवलेत, त्यांनी या माशाला नमस्कार करावा.

प्रत्येक जातीचा मासा इतकं करतो असा माझा दावा नाही. पण टँकमध्ये एकदा एक मासा हरला की हळूहळू सगळेच त्याला ढोसायला लागतात, हे पाळणाऱ्यांच्या ओळखीचं चित्र आहे. त्या एंजलला कदाचित एकानेच हरवलं असेल. टोचत आता चौघं असतील.

ठिपके कुठून आले

चावा लागून मासा मरतो तेव्हा आपल्याला कळतं. न चावता मरतो तेव्हा कळत नाही, आणि हेच जास्त होतं.

धोका दिसला की माशाच्या अंगात आधी ॲड्रेनॅलिन वगैरे सुटतं, हृदय जोरात, कल्ले जोरात. पाठोपाठ कॉर्टिसॉल. तेच, जे आपल्या अंगात अप्रेझलच्या आठवड्यात सुटतं. माशात ते मूत्रपिंडाच्या पुढच्या भागातल्या पेशींत बनतं. थोड्या वेळासाठी हे उपयोगाचं असतं, साठवलेली ताकद पळायला मिळते. पळून झालं, लपून झालं, की पातळी खाली येते.

पण जिंकणारा मासा ४० सेंटिमीटरवर २४ तास दिसत असेल तर ती खाली येतच नाही. रेनबो ट्राउटवर हे खूप तपासलं गेलंय. दोन ट्राउट एकत्र ठेवले की हरलेल्याच्या रक्तात कॉर्टिसॉल चढलेलं राहतं, तो कमी खातो, त्याची वाढ मंदावते. आणि सतत चढलेलं कॉर्टिसॉल रोगप्रतिकारशक्ती दाबतं. रंगही बदलतो. अटलांटिक साल्मनची पिल्लं हरल्यावर काळवंडतात, आणि काळवंडल्यावर त्यांच्यावरचे हल्ले कमी होतात, म्हणजे तो पांढरा झेंडाच असतो, फक्त काळ्या रंगाचा. तुमच्या टँकमधला एखादा मासा अचानक गडद किंवा अगदी फिका पडला, तर त्याला 'रंग उतरला' म्हणून रंगवाढीचं खाणं देऊ नका. आधी तो कुणाला घाबरतोय ते बघा.

पांढरे ठिपके पाडणारा 'इक' हा परजीवी बहुतेक वेळा नव्या माशाबरोबर किंवा पाण्याबरोबर येतो. धडधाकट मासा त्याला बराच काळ तोंड देतो. ज्याची प्रतिकारशक्ती दबलेली आहे तो आधी लोळतो. म्हणून दहा माशांत ठिपके पहिल्यांदा कुणाला आले, हा फार बोलका पुरावा असतो.

औषधाबद्दल एकच सांगतो. हा परजीवी अंगावर ठिपक्याच्या रूपात असताना औषधाला दाद देत नाही. तो सुटून पाण्यात पोहायला लागतो तेव्हाच मरतो. म्हणून ठिपके गेले की औषध थांबवायचं नाही, बाटलीवरचा कोर्स पूर्ण करायचा, आणि परजीवी सगळ्या पाण्यात असल्यामुळे उपचार सगळ्या टँकला करायचे. फिल्टरमध्ये कोळसा असेल तर तो काढून ठेवायचा, नाहीतर तो औषधच शोषून घेतो.

एक मासा की सगळे?

काहीही बदलण्याआधी एक प्रश्न. त्रास एकालाच आहे की सगळ्यांना? ऑफिसात साइट बंद पडली की पहिलं हेच विचारतात, एक सर्व्हर गेलाय की सगळं नेटवर्क?

सगळे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील, सगळेच सुस्त असतील, तर भांडण नंतर बघू, आधी पाणी. माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करतात. अमोनियाचा विषारी भाग किती, ते पीएचवर ठरतं. पीएच ७ वरून ८ वर गेला की विषारी अमोनिया जवळपास दहापट होतो. म्हणून शेजाऱ्याचा टँक तेवढ्याच माशांवर ठीक चालतो आणि तुमचा नाही, असं होऊ शकतं. टेस्ट किट घ्या. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत, 'थोडंसंच आहे' चालत नाही.

आणि कृपा करून, दर महिन्याला सगळं पाणी ओतून, खडे नळाखाली चोळून, फिल्टरचा स्पंज साबणाने धुऊन 'टँक चकाचक' करणं थांबवा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तेच जिवाणू मारतं ज्यांच्यावर टँक उभा आहे. दर आठवड्याला पाव ते तृतीयांश पाणी बदला, नवीन पाण्यात अँटिक्लोरिन टाका, स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा. बस.

मे महिन्यात आणखी एक भानगड असते. २५ अंशांच्या पाण्यात ऑक्सिजन लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅमपर्यंत मावतो, ३२ अंशांना सव्वासात. मावतो कमी, आणि गरमीत माशाला लागतो जास्त. त्यात दुपारी लाइट गेली की फिल्टर बंद. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या, महाग नसतो.

पण बाकीचे मजेत आणि एकटाच कोपऱ्यात, पंख अंगाला चिकटवलेले, कल्ले भराभरा, खाणं तोंडात घेऊन थुंकतोय, असं असेल तर प्रश्न शेजाऱ्यांचा आहे.

कोण मारतंय हे शोधायला तुमच्या हातात उत्तम यंत्र आहे. फोन टँकसमोर टेकवून १० मिनिटांचा व्हिडिओ लावा आणि खोलीतून बाहेर जा. बाहेर जाणं महत्त्वाचं. तुम्ही समोर असलात की सगळे खाण्यासाठी पुढे येतात आणि शहाण्यासारखे वागतात, अगदी वर्गात सर आल्यासारखे. मग व्हिडिओ बघत मोजा: कोणी कोणाचा पाठलाग किती वेळा केला. कागदावर रेघा मारा. उपाय केल्यानंतर, त्याच वेळेला, पुन्हा १० मिनिटं. आकडा उतरला तर उपाय लागू पडला. 'जरा बरं वाटतंय' यावर विसंबू नका, आपल्याला नेहमीच जरा बरं वाटतं.

त्या दहा माशांचं काय

आता त्या श्रोत्याच्या टँकमध्ये एकेकाला बघू.

टायगर बार्ब हा सुमात्रा-बोर्निओकडचा, कळपात राहणारा, सात सेंटिमीटरपर्यंतचा चपळ मासा. कळपात यांची आपसात सतत खेचाखेच चालते, त्यातून त्यांची उतरंड ठरते. कळप आठ-दहाचा असला तर ही टोचाटोची वाटली जाते, प्रत्येकाच्या वाट्याला थोडी. चारच असले की भागत नाही, आणि मग शेजारून लांब झुलत्या पंखांचा एंजल संथपणे जातो. संपलं. फाटलेले पंख बघून मला पहिला संशय बार्बवरच आहे. गंमत अशी की बार्बचा उपाय 'कमी करा' असा नसून 'वाढवा' असा आहे. पण दोन फुटी टँकमध्ये नाही. आणि कितीही वाढवले तरी एंजल, गुरामी, फायटर, म्हणजे लांब पंखवाल्या कुणाबरोबरही नाही.

दोन एंजल. हे नर-मादी असून जोडी जमली तर अंडी घालतात, आणि अंडी घातलेला एंजल म्हणजे गॅसवर दूध ठेवलेली आई, कुणी जवळ आलेलं चालत नाही. ते भांडण निरोगी आहे, काही दिवसांचं आहे, मध्ये जाळी लावून निभतं. जोडी जमली नाही तर मात्र दोघांतला एक कायम दुसऱ्याला कोपऱ्यात ठेवतो. दोन हा आकडा सिक्लिडमध्ये वाईटच. एक तरी ठेवा, जमलेली जोडी तरी ठेवा, नाहीतर मोठ्या टँकमध्ये सहा ठेवा.

फायटर एकटा सुखी असतो. त्याला १५-२० लिटरचा स्वतःचा टँक द्या, झाकण लावून. तो वर येऊन हवाही घेतो म्हणून तो बरणीत 'राहू शकतो' असं दुकानात सांगतात. राहू शकणं आणि राहणं यात फरक आहे, हॉस्टेलवाल्यांना माहीत आहे. आणि 'त्याला व्यायाम' म्हणून आरसा लावून ठेवू नका. समोरचा कधी हरतच नाही, अशी लढाई किती वेळ लढायची त्याने?

गोल्डफिश थंड पाण्यातला, २० अंशांच्या आसपास खूश असलेला, खूप खाणारा आणि तितकंच घाण करणारा. एंजलला २५ ते २८ लागतं. एकाला सुखी ठेवलं की दुसरा हळूहळू खंगतो. इथे भांडण नाही, पण ताण आहेच. सकर आज बोटभर आहे, वाढला तर फूटभराच्या पुढे जातो, आणि मोठा झाल्यावर रात्री झोपलेल्या चपट्या माशांच्या अंगावरचा चिकट थर चाटायची सवय त्याला लागू शकते.

म्हणजे हे दहाही मासे वेगवेगळे वाईट नाहीत. दुकानात एका ओळीत मांडलेले, सगळे बोटभर, सगळे छान दिसतात. एकमेकांबरोबर राहणारे मात्र त्यांत जवळपास कुणी नाही. माझं स्पष्ट मत, गोल्डफिश, सकर आणि बार्ब दुसरीकडे द्यावेत, फायटरला वेगळं घर, आणि एंजल ठेवायचेच असतील तर सहा महिन्यांत तीन फुटी टँक. ९० बाय ४५ बाय ४५, साधारण १८० लिटर. ते जमणार नसेल तर एंजलही द्या आणि दोन फुटीत झेब्रा डॅनिओंचा छोटा कळप ठेवा. आपल्याकडच्याच ओढ्या-नाल्यांतला मासा आहे, काटक आणि देखणा.

आज रात्री काय करायचं

टँकचा दिवा बंद करा. अंधारात बहुतेक हल्ले थांबतात, आणि हा उपाय फुकट आहे. तीन बाजूंना बाहेरून वर्तमानपत्र चिकटवा. टँक स्पीकर ठेवलेल्या टेबलावर असेल तर स्पीकर हलवा. गोल्डफिश आणि बार्ब दोघांचे कान फार तिखट असतात, आणि काचेवर टकटक करणाऱ्या पाहुण्यांना मी चहाला बोलवत नाही.

मग मारणाऱ्याला वेगळं करा. सहसा आपण मार खाणाऱ्याला उचलतो. पण त्याला काढून चार दिवसांनी परत सोडलं की तो नवखा ठरतो, इलाका नसलेला, आणि मार दुप्पट. मारणाऱ्याला काढलं तर परत येताना तोच नवखा असतो. अपवाद एकच: मार खाणारा आडवा पडत असेल, श्वासाला धडपडत असेल, तर तत्त्व बाजूला ठेवून त्याला आधी वाचवा.

यासाठी वेगळा टँक लागतोच असं नाही. स्वयंपाकघरातली भाजी धुवायची प्लॅस्टिकची जाळीची टोपली, कोरी, साबण कधी न लागलेली, टँकच्या काठाला चिमट्याने अडकवा. पाणी तेच, तापमान तेच, फक्त पोहोच बंद. चार दिवस ते आठवडाभर.

तो आत असताना टँकची मांडणी बदला. दगड इकडचे तिकडे, झाडं दुसऱ्या बाजूला. इलाका हा खुणांवर असतो. खुणाच बदलल्या की सगळ्यांचेच सातबारे रद्द होतात आणि सगळे नव्याने जागा शोधायला लागतात. आणि मांडणी करताना हे बघा की एका टोकाला असलेल्या माशाला दुसऱ्या टोकाचा मासा सरळ दिसता कामा नये. मध्ये उभं काहीतरी हवं. महागडी सजावट नको. नारळाची करवंटी उकळून, बाजूला दार पाडून पालथी घाला. मातीची कुंडी आडवी टाका. पीव्हीसी पाइपचे तुकडे चालतात. शक्यतो दोन तोंडं असलेली लपण्याची जागा करा, एकाच तोंडाच्या गुहेत मासा अडकतो आणि दादा दारात उभा राहतो. लपण्याच्या जागा माशांपेक्षा एक-दोन जास्तच असाव्यात, कारण कमी पडल्या की त्यांवरूनच भांडण.

खाणं दोन टोकांना एकाच वेळी टाका. एका जागी टाकलं की दादा त्या जागेचा मालक होतो.

एक उपाय मात्र अर्धवट ऐकून करू नका. मलावी सरोवरातले म्बूना नावाचे रंगीबेरंगी सिक्लिड पाळणारे लोक मुद्दाम टँक खच्चून भरतात. ते मासे खडकावरचं शेवाळ खातात आणि तो खडक जिवावर उदार होऊन राखतात. गर्दी केली की दादाला एकावरच लक्ष ठेवता येत नाही, मार वाटला जातो. हे खरंच चालतं. पण त्यासाठी चार फुटी टँक, दुप्पट फिल्टर, दर आठवड्याला तृतीयांश ते निम्मं पाणी बदलणं, आणि एका नरामागे अनेक माद्या, असं सगळं लागतं. यातलं फक्त 'गर्दी करा' एवढंच उचलून दोन फुटीत एंजल भरले, तर मारामारीऐवजी अमोनियाने मरतील. दादाला धडा शिकवायला त्याच्यापेक्षा मोठा मासा आणणं हाही तसलाच उद्योग. तुम्हाला नवा दादा मिळतो, बाकी काही नाही.

टोपलीतून सोडताना संध्याकाळी, दिवा बंद करून सोडा. दुसऱ्या दिवशी फोन लावा, १० मिनिटं, रेघा. आकडा अर्ध्याच्या खाली आला आणि मार खाणारा बाहेर येऊन खायला लागला, तर जमलं. दोनदा असं करूनही तोच मासा त्याच माशाच्या मागे असेल, तर त्या दोघांचं पटणार नाही. एकाला दुसरं घर बघा. बरीच दुकानं परत घेतात, पैसे देत नाहीत पण घेतात. ओळखीत कुणाकडे मोठा टँक असतोच.

पण नदीत, तलावात, गावच्या विहिरीत सोडू नका. 'मोकळं केलं' असं वाटतं, पुण्य वाटतं. दुकानातला तो सकर मूळ दक्षिण अमेरिकेतला. असाच कुणाकुणाच्या टँकमधून आणि तळ्यांमधून निसटत आज तो भारतातल्या अनेक नद्या-तलावांत ठाण मांडून बसलाय. काटेरी, कडक खवल्यांचा आहे, मच्छीमारांची जाळी फाडतो, आणि बाजारात त्याला कुणी घेत नाही. दोन फुटांच्या टँकमधलं भांडण आपण मग धरणाच्या पाण्यात नेऊन सोडतो.

पुढच्या भागात नवा टँक मासे आणायच्या आधी चार-सहा आठवडे रिकामा कसा चालवायचा, ते बघू. तोवर कुणाच्या टँकमध्ये असं काही चालू असेल तर व्हॉइस नोटबरोबर तो १० मिनिटांचा व्हिडिओही पाठवा. टँकची लांबी-रुंदी-उंची आणि माशांची यादी लिहा. 'थोडे मासे आहेत' असं लिहू नका, आकडा लिहा.